एकेरी तिकिटाचे स्टेशन

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दाराबाहेर कणकेचा दिवा लावायचा आणि त्याची वात दक्षिणेकडे करायची, हा यमदीपदानाचा रिवाज आपल्याकडे पुष्कळ घरांतून अजून पाळला जातो. दिवाळीच्या ऐन तोंडावर, चकल्यांचा घाणा कढईत असताना, यमाची आठवण काढायला आपल्या पूर्वजांना काही अशुभ वाटले नाही. तेव्हा दिवाळीच्या अंकात मी आज एका मसणवट्याच्या आगगाडीची हकीकत सांगायला बसलो, तर फराळाची बशी पुढ्यात घेऊन अंक चाळणाऱ्यांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनाला लागून एके काळी दुसरे एक लहानसे स्टेशन होते. तिथून फक्त मृतांची आणि त्यांना पोचवायला जाणाऱ्यांची गाडी सुटत असे. पोचवायला जाणाऱ्यांना परतीचे तिकीट मिळे. शवपेटीचे तिकीट एकेरी असे. १८५४ पासून १९४१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सत्त्याऐंशी वर्षे, हे स्टेशन चालले.

असली गाडी काढण्याची कल्पना कुणाच्या डोक्यात आली, आणि का आली, हे समजायला त्या वेळचे लंडन डोळ्यांपुढे आणावे लागते. १८०१ साली या शहराची वस्ती दहा लाखांच्या आतच होती. पन्नास वर्षांत ती चोवीस लाखांच्या घरात गेली. जिवंत माणसे वाढली तशी मरणारीही वाढली. पण पुरायची जागा तेवढीच राहिली. चर्चच्या आवारातली जुनी, चिमुकली दफनस्थाने, घरांच्या भिंतींना भिडलेली. नव्या पेटीला जागा करायची म्हणून जुनी थडगी उकरायची, हाडे बाजूला सारायची, आणि तीही पुरती न झालेली असली तर तशीच. अशात १८४८-४९ साली पटकीची साथ आली आणि तिने एकट्या लंडनमध्ये चौदा हजारांवर माणसे नेली. कबरी खणणाऱ्यांच्या फावड्यांना विसावा नव्हता, आणि त्यांच्या फावड्याला नुसती माती लागेल अशी जागाही उरली नव्हती. शेवटी १८५२ साली पार्लमेंटने कायदा केला आणि शहराच्या दाट वस्तीत नवी दफने बंद करण्याचा मार्ग मोकळा केला.

बंद करणे सोपे. पण मग न्यायचे कुठे? सर रिचर्ड ब्राउन आणि रिचर्ड स्प्राय नावाच्या दोघा गृहस्थांनी याचे उत्तर आधीच काढून ठेवले होते. लंडनपासून तेवीस मैलांवर, सरे परगण्यात वोकिंगजवळ, ब्रुकवुड येथे एक मोठे ओसाड माळरान होते. जमीन हलकी, त्यामुळे भाव स्वस्त. आणि माळाला लागूनच आगगाडीचा रस्ता गेलेला. या माळावर मृतांचे एक नगरच वसवायचे, अशी त्यांची योजना. ग्रीक भाषेत अशा नगराला ‘नेक्रॉपोलिस’ म्हणतात. तेच नाव कंपनीने घेतले. पुढे लंडन कितीही वाढले तरी त्याच्या गावकुसाचा हात इथवर पोचणार नाही, असा हिशेब होता. हिशेबाचे आकडेही या मंडळींनी मोठे नामी मांडले होते. पंधराशे एकरांत प्रत्येकाला स्वतंत्र कबर दिली तरी अठ्ठावन्न लाखांवर माणसे मावतील. आणि एकावर एक अशी दहा माणसे पुरायची ठरवली तर पावणेतीन कोटींच्या वर! एखाद्या कारकुनाने कपाटातल्या फायलींची उतरंड मोजावी तशा निर्विकारपणे एका अख्ख्या राजधानीच्या पुढच्या काही पिढ्या कागदावर रचून ठेवल्या होत्या. १८५२ च्याच जूनमध्ये पार्लमेंटने या कंपनीला मान्यता दिली.

आगगाडी तेव्हा नवीनच होती, आणि धर्मगुरूंना ती फारशी आवडत नव्हती. लंडनचे बिशप ब्लोमफील्ड यांनी १८४२ सालीच पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देताना आगगाडीतून प्रेते नेण्याला हरकत घेतली होती. ख्रिस्ती अंत्यविधीला जे गांभीर्य हवे ते त्या गडबडीत आणि धावपळीत राहायचे नाही, हा त्यांचा पहिला आक्षेप. तो समजण्यासारखा आहे. कुणालाही आपल्या माणसाला शिट्टी फुंकून निरोप दिलेला आवडणार नाही. दुसरा आक्षेप मात्र ऐकण्यासारखा आहे. एकाच गाडीतून वेगवेगळ्या पायरीची माणसे जाणार! एखाद्या सच्छील, प्रतिष्ठित गृहस्थाचा देह ज्या गाडीत, त्याच गाडीत एखाद्या बदफैली माणसाचे आप्तही बसलेले असणार! याने त्या प्रतिष्ठित घरच्या मंडळींच्या मनाला किती क्लेश होतील? आपल्याकडे गावोगाव स्मशाने कशी वाटलेली होती आणि कुठे कुठे अजून आहेत, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी या बिशपसाहेबांना हसण्याची घाई करू नये.

कंपनी धंदेवाईक होती. तिने बिशपांशी वाद घातला नाही; त्यांच्या आक्षेपाची गाडीच बांधून काढली. गाडीचे दोन भाग केले. एक अँग्लिकन पंथाच्या लोकांसाठी आणि दुसरा त्या पंथाबाहेरच्या सर्वांसाठी. प्रत्येक भागात पुन्हा पहिला, दुसरा आणि तिसरा असे तीन वर्ग. हे झाले जिवंतांचे. पण मृतांनाही तेच तीन वर्ग! दर कायद्यातच बांधून दिलेले होते. पोचवायला जाणाऱ्यास परतीचे तिकीट पहिल्या वर्गास सहा शिलिंग, दुसऱ्यास साडेतीन, तिसऱ्यास दोन. शवपेटीस एकेरी तिकीट पहिल्या वर्गास एक पौंड, दुसऱ्यास पाच शिलिंग, तिसऱ्यास अडीच. म्हणजे श्रीमंताची पेटी गरिबाच्या पेटीच्या आठपट भाडे देऊन त्याच इंजिनामागून, त्याच वेगाने, त्याच माळावर जात असे. जास्तीच्या पैशांत डब्याचे दार जरा नक्षीचे मिळे आणि हमाल पेटी जरा जपून उचलत. उतारूला यातले काय कळत होते ते तोच जाणे.

स्टेशनाची जागाही विचार करून निवडलेली होती. वॉटर्लूला रेल्वेचे रूळ उंच कमानींवरून येतात. त्या कमानींच्या पोटात शवपेट्या ठेवण्याची सोय केली, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या नजरेला त्या पडू नयेत. तिथून वाफेच्या शक्तीवर चालणारी लिफ्ट पेट्या वर फलाटापर्यंत पोचवी. सकाळी साडेअकराच्या सुमारास गाडी निघे. घरे मागे पडत, सरेची हिरवी शेते लागत, आणि तासाभरात ब्रुकवुड येई. तिथे गाडी मुख्य रस्ता सोडून दफनभूमीच्या आतच शिरे. आत दोन स्टेशने होती. उत्तरेचे पंथाबाहेरच्यांसाठी, दक्षिणेचे अँग्लिकनांसाठी. भोवती सदाहरित झाडे लावली होती, आणि त्यांत अमेरिकेतून नुकतीच इंग्लंडात आलेली प्रचंड सिकोया झाडेही होती. ती आता आभाळाला टेकली आहेत.

१८५४ च्या ७ नोव्हेंबरला विंचेस्टरच्या बिशपांनी भूमीला आशीर्वाद दिला आणि १३ तारखेला पहिली गाडी सुटली. या गाडीने नेलेले पहिले उतारू कोण होते? कुणी लॉर्ड नव्हे, कंपनीचा कुणी भागीदारही नव्हे. टेम्सच्या दक्षिणेकडच्या बरो वस्तीतल्या एका गरीब जोडप्याची मृतावस्थेत जन्मलेली जुळी. खर्च सरकारी, म्हणजे त्या भागातल्या गरिबांसाठी चर्चच्या हद्दीत जो कर वसूल होई त्यातून. असल्या अंत्यविधीला तिकडे ‘पॉपर’चा, म्हणजे कंगालाचा, अंत्यविधी म्हणत, आणि त्या शब्दाची दहशत लंडनच्या गरिबांना मरणाहून मोठी होती. कारण कंगालांना पुरायची रीत ठरलेली होती. एक खोल खड्डा खणायचा, तो भरेपर्यंत उघडा ठेवायचा, त्यात पेट्यांवर पेट्या रचायच्या. कोणाचे कोण, पुढे कुणी विचारू नये. आपली हाडे त्या खड्ड्यात जाऊ नयेत म्हणून पोटाला चिमटा घेऊन आठवड्याला पेनी पेनी बाजूला टाकणारी कुटुंबे त्या शहरात अगणित होती.

ब्रुकवुडच्या कंपनीने तो खड्डा खणला नाही. पहिल्या वर्गाच्या गिऱ्हाइकाला हवी ती जागा निवडता येई आणि तिथे हवे ते स्मारक उभारता येई; अगदी साध्या कबरीला अडीच पौंडांपासून पुढे पडत. दुसऱ्या वर्गाला एक पौंड. पण वर दहा शिलिंग भरले तरच कायमच्या स्मारकाची परवानगी, नाहीतर ती जागा पुढे पुन्हा वापरण्याचा हक्क कंपनीचा. तिसऱ्या वर्गाला स्मारक नाही, जागेची निवड नाही, काहीच नाही. पण कबर मात्र स्वतंत्र. एका माणसाला एक. त्या जुळ्यांच्या आईबापांना त्या दिवशी कंपनीचे धोरण काही वाचून दाखवले नसेल; पण लंडनच्या कंगालाला स्वतःची अशी सहा हात जमीन प्रथमच मिळू लागली होती, आणि तीही नफा मिळवायला निघालेल्या एका कंपनीकडून. माणसांना तिसऱ्या वर्गात बसवणारी हीच मंडळी आणि त्यांना एकमेकांवर न रचणारीही हीच. मला तरी या दोन गोष्टींची बेरीज-वजाबाकी करून एक उत्तर काढता येत नाही. दुसरी गोष्ट माळरानाच्या स्वस्ताईमुळे परवडली हे खरे. पण परवडत असूनही न करणारे जगात कमी का आहेत?

आता जिथे माणसे येतात-जातात तिथे, काम कितीही गंभीर असो, थोडा संसार मांडला जातोच. दफनभूमीतल्या दोन्ही स्टेशनांत चहापाण्याची सोय होती, आणि मद्य विकण्याचा परवानाही होता. ‘स्पिरिट्स’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ दारू असाही होतो आणि भुते असाही. ‘येथे स्पिरिट्स मिळतील’ अशी पाटी तिथे लावलेली होती, अशी एक आख्यायिका सांगतात. खरी नसली तरी तिला तिथेच जन्म घ्यायला हवा होता. गाडी आत थांबली की ड्रायव्हर आणि फायरमन यांना काम नसे. ते जवळच्या गुत्त्याची वाट धरीत. १८६७ साली एकदा ड्रायव्हरसाहेब इतके झिंगून आले की त्यांना इंजिन हाकता येईना. तेव्हापासून कंपनीने इंजिनावरच्या माणसांना फुकट जेवण आणि मोजून एक ग्लास बिअर द्यायचे ठरवले, ते त्यांनी आवाराबाहेर पाऊल टाकू नये म्हणून! आणखी एक गंमत. तिकिटाचे दर कायद्याने बांधलेले असल्यामुळे वर्षानुवर्षे तेच राहिले, आणि साध्या गाडीचे भाडे त्यांच्यापुढे गेले. वोकिंगकडे गोल्फ खेळायला जाणारे काही हिकमती गृहस्थ मग काळे कपडे चढवून, चेहरे लांब करून, या गाडीने जात म्हणे. कोकणस्थ काय फक्त कोकणातच जन्मतात?

या गाडीने नेलेल्यांत आधी एकदा पुरलेलेही होते. १८६२ साली चेरिंग क्रॉसकडे नवा रेल्वेमार्ग न्यायचा होता आणि वाटेत सदर्कमधले एका जुन्या धर्मादाय निवासाचे दफनस्थान आले. तिथली निदान ७,९५० प्रेते उकरून काढली. मोठमोठ्या २२० पेट्यांत, एकेकीत सव्वीस प्रौढ आणि वर मुले, अशी ती भरली आणि ब्रुकवुडला आणून पुन्हा पुरली. ज्यांनी हयातीत आगगाडी पाहिलीही नव्हती, त्यांना आगगाडीसाठी उठावे लागले आणि आगगाडीतूनच जावे लागले.

मराठी वाचकाने या स्टेशनाकडे वळून पाहावे याला एक घरगुती कारणही आहे. चार्ल्स ब्रॅडलॉ हा पार्लमेंटातला सभासद कट्टर नास्तिक होता. १८८० साली निवडून येऊनही शपथेच्या वादापायी त्याला सहा वर्षे बाहेरच ताटकळावे लागले. आत गेल्यावर त्याने हिंदुस्थानची बाजू इतक्या जोराने मांडली की लोक त्याला हिंदुस्थानचाच सभासद म्हणू लागले. १८८९ च्या डिसेंबरात मुंबईस काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेव्हा तो मुद्दाम आला होता. (त्या अधिवेशनाला प्रतिनिधीही नेमके १८८९ जमले होते, हा योगायोग तेव्हा फार चर्चिला गेला.) त्यानंतर जेमतेम वर्षाने, १८९१ च्या जानेवारीत, ब्रॅडलॉ वारला. ३ फेब्रुवारीला त्याला ब्रुकवुडला नेले, तेव्हा तीन लांबलचक खास गाड्या सोडाव्या लागल्या. एकीला सतरा डबे होते. लोटलेल्या त्या हजारोंत लंडनमधले हिंदी लोक होते, आणि त्यांत बॅरिस्टरीचा अभ्यास करणारा एकवीस वर्षांचा मोहनदास गांधी होता.

गांधींनी आपल्या आत्मकथेत ही हकीकत दिली आहे. अंत्यविधीला काही पाद्रीही आले होते. परतीच्या गाडीची वाट पाहत सारे स्टेशनावर उभे असताना गर्दीतल्या एका नास्तिकाने त्यांच्यापैकी एका पाद्र्याला गाठले. ईश्वर आहे असे मानता ना? पृथ्वीचा परीघ इतका इतका आहे हेही मानता ना? मग तुमच्या ईश्वराचा आकार केवढा आणि तो राहतो कुठे, ते सांगा! पाद्री हळू आवाजात एवढेच म्हणाला की तो आपल्या दोघांच्याही हृदयात आहे. नास्तिकाने विजयी मुद्रेने भोवतालच्या मंडळींकडे पाहिले. पाद्री गप्प राहिला. या प्रसंगाने आपले मन नास्तिकतेपासून आणखीच दूर गेले, असे गांधी लिहितात. गाडी थोडी लवकर आली असती तर एवढाही संवाद झाला नसता. फलाटावरच्या रिकाम्या वेळात माणसे काय काय बोलून जातात!

वोकिंगचा माळ आणखी एका गोष्टीसाठी आपल्याला जवळचा वाटावा. इंग्लंडातले पहिले दहनगृह तिथेच उभे राहिले. कंपनीनेच त्यासाठी जमीन विकली होती, आणि १८८५ साली तिथे पहिले दहन झाले. आपण ज्याला सहज अग्नी देणे म्हणतो ते कायदेशीर आहे की नाही, याचा निवाडा त्या देशात त्याच्या आदल्याच वर्षी एका खटल्यात व्हावा लागला होता! १८९५ च्या ऑगस्टमध्ये फ्रीडरिख एंगल्स वारला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे दहन इथेच झाले. त्याआधी त्याचे स्नेही जमले ते या कंपनीच्या वॉटर्लूच्या स्टेशनात. वर्गांच्या लढ्याचा इतिहास सांगणाऱ्या माणसाला निरोप द्यायला, जिथे प्रेतालाही वर्ग होता असे स्टेशन मिळावे! त्याची रक्षा मात्र समुद्रात सोडली. तिथे भाडेपत्रक नव्हते.

ब्रुकवुडला १८६० नंतर लवकरच पारशी मंडळींनीही स्वतःचा तुकडा घेतला. दोखम्याची सोय विलायतेत कुठून असणार? जमशेटजी टाटा १९०४ साली जर्मनीत वारले. त्यांना इथे आणून ठेवले. पुढे रतनजी, मेहेरबाई आणि दोराबजीही इथेच आले. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलाच्या आणि कारखान्यांच्या या धन्यांच्या समाध्या त्या माळावर आहेत. आणि त्याच तुकड्यात जमशेटजींचे सख्खे भाचे शापुरजी सकलातवाला यांची रक्षा आहे. हे शापुरजी मुंबईत जन्मले, टाटांच्या पेढीत वाढले आणि लंडनच्या बॅटर्सी भागातून कम्युनिस्ट म्हणून पार्लमेंटात निवडून गेले! मामा-भाच्यांचे भांडवलाविषयीचे मतभेद तिथे सुखाने शेजार करून आहेत.

इतके सगळे असूनही कंपनीचा धंदा कधी भरभराटला नाही. वर्षाला दहा ते पन्नास हजार दफने होतील असा अंदाज होता. पहिल्या वीस वर्षांत सरासरी बत्तीसशेच्या पलीकडे गेली नाही. लंडनच्या आसपास नगरपालिकांच्या नव्या दफनभूम्या निघाल्या, आणि आपले माणूस तेवीस मैल दूर कोण नेणार? गरिबांचा ओढा रविवारच्या गाडीकडे असे. कारण कामावरून सुटी तेवढाच एक दिवस. ती रविवारची गाडी १९०० साली बंद झाली. वॉटर्लू स्टेशन वाढवायला जागा हवी होती म्हणून १९०२ साली रेल्वे कंपनीने जुन्या स्टेशनाच्या बदल्यात जवळच, १२१ वेस्टमिन्स्टर ब्रिज रोड येथे, नवे स्टेशन बांधून दिले. लाल विटांची उंच, अरुंद, देखणी इमारत. पहिल्या वर्गाच्या शोकाकुलांना एक दार आणि तिसऱ्या वर्गाच्या शोकाकुलांना दुसरे. रडताना एकमेकांची गाठ पडू नये, एवढी काळजी घेतली होती. पण रोजची गाडी आता जरुरीपुरतीच सुटू लागली, आणि १९३० नंतर आठवड्याला एखाद-दुसरीच. मोटार आली होती. घराच्या दारातून निघून थेट कबरीच्या काठाशी नेणाऱ्या वाहनापुढे आगगाडीचा काय पाड लागणार?

१९४१ च्या ११ एप्रिलला चेल्सीच्या वृद्ध सैनिकांच्या आश्रमातल्या एका पेन्शनराला इथून नेल्याची नोंद आहे. ती शेवटची. १६ एप्रिलच्या रात्री जर्मन विमानांनी लंडनवर बाँबवर्षाव केला. त्यात स्टेशनातली गाडी जळाली, कारखाना आणि प्रार्थनागृह कोसळले. ११ मे रोजी स्टेशन बंद झाल्याचे जाहीर केले. तोवर ब्रुकवुडला दोन लाखांवर माणसे पोचली होती. लढाई संपल्यावर रेल्वेने हिशेब केला आणि ते पुन्हा बांधायचे नाही असे ठरवले. दफनभूमीतले रूळ उचलले. उत्तरेचे स्टेशन पाडले; दक्षिणेचे १९७२ साली आगीत गेले. त्याचा फलाट तेवढा शिल्लक आहे, आणि शेजारच्या जुन्या प्रार्थनागृहात आता ऑर्थोडॉक्स पंथाचे साधू राहतात.

वेस्टमिन्स्टर ब्रिज रोडवरची दर्शनी इमारत बाँबमधून वाचली. तिच्यावरचे कंपनीचे नाव गेले आहे आणि आत कचेऱ्या आल्या. ज्या कमानीखालून पहिल्या वर्गाच्या गाड्या आत वळत, ती अजून रस्त्यावरून दिसते. वॉटर्लूहून ब्रुकवुडला आजही साध्या गाड्या जातात. दफनभूमीचे एक दार त्या स्टेशनाच्या फलाटालगतच उघडते.